शटरची तुटलेली स्प्रिंग जोडू नका, बदला



आजची नोंद पिकाची नाही, पीक ज्याच्या आत ठेवतो त्या दाराची आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, खताच्या बॅगा, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळं आता शटरच्या आत. घाटावर चिखली-मेहकरकडं बघा नाहीतर घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडं बघा, नवं शेड झालं की त्याला शटरच लागतं. आणि शटर लागलं की काही वर्षांनी त्याची स्प्रिंग तुटतेच. मग आपण काय करतो? वेल्डिंगवाल्याकडं नेतो. "टाका मारून दे भाऊ, सीझन निघाला पाहिजे."

या टाक्याबद्दल आज भांडायचं आहे. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: शटर दुरुस्त होतं, तुटलेली स्प्रिंग दुरुस्त होत नाही. जो जोडून देतो तो तुमचे पैसे वाचवत नाही, आणि जो "पूर्ण शटरच नवं टाका" म्हणतो तोही तुमचे पैसे वाचवत नाही. दोघांच्या मध्ये एक सरळ रस्ता आहे, तो खाली लिहिला आहे.

१) स्प्रिंग नेमकं काय उचलते

बऱ्याच जणांना वाटतं की शटर आपण हातानं उचलतो आणि स्प्रिंग थोडी मदत करते. उलटं आहे. उचलते स्प्रिंग, मदत करतो आपण.

हिशोब करून बघा. १० बाय १० फुटांचं शटर म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. पट्टी १८ गेजची, म्हणजे अंदाजे १.२ मिलिमीटर जाड. १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा भरतो. १.२ मिलिमीटरचा झाला सव्वानऊ-साडेनऊ किलो. पण शटरची पट्टी सपाट नसते, ती वळवलेली असते आणि एकात एक अडकवलेली असते, म्हणून पत्रा सुमारे एक तृतीयांश जास्त लागतो. चौरस मीटरला साडेबारा किलो धरा. खालची जाड पट्टी धरून शटरचं वजन ११५ ते १२० किलो होतं.

हे वजन वरच्या पाइपावरच्या स्प्रिंगा तोलून धरतात. स्प्रिंग दोन जातींची असते. एक सपाट पोलादी पट्टीची, घड्याळाच्या चावीच्या स्प्रिंगसारखी गोल डबीत गुंडाळलेली. दुसरी जाड तारेची, पाइपाभोवती वेटोळ्यांची. दोन्हीचं काम एकच. शटर खाली ओढलं की स्प्रिंगला पीळ बसतो, वर सोडलं की पीळ सुटतो आणि तोच शटर वर घेऊन जातो.

शटर पूर्ण खाली असतं तेव्हा त्या पिळात किती ताकद साठलेली असते? १२० किलोचं वजन सरासरी दीड मीटर वर न्यायला जेवढी लागते तेवढी. आपल्या भाषेत सांगायचं तर ५० किलोची डीएपीची बॅग ११-१२ फुटांवरून खाली टाकली तर जेवढा दणका बसेल, तेवढा दणका त्या पाइपावर बांधून ठेवलेला असतो. म्हणून सगळ्यात आधी सांगतो: पाना घेऊन शिडीवर चढू नका. पाइपाचा बोल्ट सैल केला की पाइप गरकन फिरतो, हातातला पाना तोंडावर येतो. शटरचं काम रोज करणारा माणूसच लागतो. ट्रॅक्टरचा मिस्त्री नाही, मोटार बांधणारा नाही, आणि यूट्यूब बघितलेला पुतण्या तर मुळीच नाही.

२) टाका का टिकत नाही

हे आपल्याला शिकवायची गरज नाही, फक्त आठवण द्यायची आहे. वखराची पास, कुऱ्हाड, विळा लोहाराकडं नेला की तो काय करतो? तापवतो, ठोकतो आणि शेवटी पाणी देतो. पाणी बरोबर बसलं तर धार राहते. जास्त बसलं तर पातं काचेसारखं टिचतं. कमी बसलं तर वाकतं. सगळी किंमत त्या पाण्याची आहे.

स्प्रिंगचं पोलाद त्याच घरातलं आहे. त्यात कार्बन जास्त असतो आणि कारखान्यात त्याला मोजून मापून ताण-पाणी दिलेलं असतं, म्हणून ते हजारो वेळा पिळून पुन्हा जागेवर येतं. त्यावर वेल्डिंगचा रॉड लावला की दोन गोष्टी एकदम होतात. टाक्याला लागून असलेला भाग एकदम तापून एकदम थंड होतो आणि कडक, ठिसूळ होतो. त्याच्या पलीकडचा भाग नुसता तापतो आणि मऊ पडतो. म्हणजे एकाच स्प्रिंगमध्ये एक जागा टिचणारी आणि तिच्या शेजारची वाकणारी. टाका स्वतः कितीही जाड असू दे, स्प्रिंग टाक्यावर तुटत नाही, टाक्याच्या शेजारी तुटते. आणि वेल्डिंगवाला म्हणतो, "बघा, माझा टाका सुटला नाही." खरं आहे. त्याचा टाका सुटला नाही, शटर सुटलं.

कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगचा दाखला इथं नेहमी दिला जातो. "कल्टिव्हेटरची स्प्रिंग आपण जोडून दोन हंगाम चालवली." चालवली असेल. पण ती तुटली तर एक फण मागं पडतो आणि तास वाकडा जातो. ट्रॅक्टरवाला उतरून दोन शिव्या देतो, काम पुढं चालतं. शटरची तुटली तर तिच्याखाली माणूस असतो. दोन्ही वस्तूंचं नाव स्प्रिंग आहे म्हणून दोन्हीला एकच न्याय लावायचा नसतो.

काही जण तुटलेलं टोक कापून, उरलेल्या भागाला नवा आकडा वाकवून पुन्हा बसवतात. यात वेल्डिंग नाही म्हणून हे बरं वाटतं. पण स्प्रिंग आखूड झाली म्हणजे तेवढंच वजन कमी वेढ्यांवर आलं, आणि प्रत्येक वेढा पूर्वीपेक्षा जास्त पिळला जातो. शिवाय ती मुळात थकूनच तुटली होती. थकलेल्या बैलाच्या जोडीतला एक काढून दुसऱ्यावर पूर्ण नांगर दिल्यासारखं आहे हे.

३) "एकच तुटली ना, एकच बदला"

हा युक्तिवाद जरा जास्त शहाणा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

एका पाइपावर रुंदीप्रमाणं दोन, तीन, चार स्प्रिंगा असतात. सगळ्या एकाच दिवशी बसवलेल्या आणि सगळ्या सारख्याच वेळा पिळलेल्या. स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात. एकदा वर, एकदा खाली म्हणजे एक फेरी. अमेरिकेत मोटारगाडीच्या गॅरेजला दार असतं, त्याच्या साध्या स्प्रिंगला साधारण १०,००० फेऱ्यांचं आयुष्य धरतात. आपल्या शेडचं शटर दिवसातून चार वेळा उघडलं-लावलं तर १०,००० फेऱ्या २,५०० दिवसांत भरतात, म्हणजे सात वर्षांच्या आत. कृषी सेवा केंद्राचं किंवा किराणा दुकानाचं शटर याहून जास्त फिरतं, तिथं आणखी लवकर. आणि आपल्याकडं जी स्प्रिंग मिळते तिच्यावर असा कोणताही आकडा छापलेला नसतो.

आता विचार करा. चारपैकी एक सातव्या वर्षी तुटली. उरलेल्या तिघींचं वयही तेवढंच. एक नवी टाकली तर नवी ताठ आणि जुन्या ढिल्या. शटर एका अंगानं वर जातं, दुसऱ्या अंगानं चॅनलमध्ये घासतं, पट्ट्यांची टोकं झिजतात. चार-सहा महिन्यांत दुसरी तुटते. मिस्त्री पुन्हा येतो, पुन्हा मजुरी घेतो, पुन्हा शटर उतरवतो. चार स्प्रिंगांसाठी चार वेळा मजुरी. एकदम बदलल्या असत्या तर मजुरी एकदाच लागली असती.

याला एक अपवाद आहे. स्प्रिंग वर्ष-दीड वर्षात तुटली असेल तर तो वयाचा दोष नाही, मालाचा किंवा बसवण्याचा दोष आहे. तिथं एकच बदला, आणि ज्यानं बसवली त्याच्याकडूनच बदलून घ्या. त्यासाठी पावती लागते. पावती नाही म्हणून भांडण तोंडी होतं आणि तोंडी भांडण आपणच हरतो.

४) शटरखाली कोण उभं असतं

खरी गोष्ट इथं आहे आणि यावर आपण बोलत नाही.

टाका मारायचा की स्प्रिंग बदलायची हे ठरवतो घरचा कर्ता माणूस. पैसे त्याचे, म्हणणं त्याचं. पण सकाळी सहाला शटर कोण उघडतं? सालदार. ढेप काढायला दुपारी कोण जातं? घरची बाई. सायकल काढायला वाकून आत कोण घुसतं? पोरगं. शटर जड झालं की आपण ते अर्धंच वर करतो, खाली बल्ली नाहीतर टिकावाचा दांडा लावतो आणि म्हणतो, "वाकून जा." ज्यानं ठरवलं तो बाहेर उभा असतो आणि ज्याला विचारलंच नाही तो खाली वाकलेला असतो.

दोन स्प्रिंगांपैकी एक गेली की सुमारे ६० किलोचा तोल गेला. डीएपीच्या बॅगेपेक्षा जास्त वजन, तेही डोक्याच्या वर, तेही निसटत्या दांड्यावर. घरातली बाई ते रोज दोन्ही हातांनी वर ढकलते आणि कंबर दुखते म्हणते. आपण तिला मलम आणून देतो. मलमाच्या आधी शटरकडं बघा, राजेहो.

आणि काही झालंच तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, एक अवयव निकामी झाला तर १ लाख. पण ती कोणासाठी? ज्याच्या नावावर जमीन आहे तो खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. तुमच्या सालदाराच्या नावावर सातबारा नसेल तर तो या योजनेत बसत नाही. म्हणजे तुमच्या शटरखाली त्याचा हात गेला तर त्याच्या घराला तुम्ही द्याल तेवढंच. हे गणित टाका मारायच्या आधी करायचं असतं.

मळणीयंत्रात हात जायला लागले तेव्हा केंद्राला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. शटरला कोणी यंत्र मानत नाही, सगळे त्याला दार समजतात. म्हणून त्याच्याबद्दल ना ग्रामसभेत बोललं जातं ना शेतीशाळेत. पण पिळलेली स्प्रिंग आणि टांगलेलं वजन म्हणजे यंत्रच.

५) आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांसाठी

जोडणाऱ्याला बोललो, आता विकणाऱ्याला बोलतो. स्प्रिंग तुटली म्हणून माणूस बोलवावा आणि त्यानं वर न बघताच "पूर्ण शटर गेलं साहेब, नवंच टाका" म्हणावं, हेही चालू आहे. नव्या शटरमध्ये त्याला स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त मिळतं, शिवाय तुमचं जुनं लोखंड भंगारात तोच घेऊन जातो. भंगाराचा भाव तुम्हाला सांगत नाही.

म्हणून ही यादी लिहून ठेवा.

दुरुस्त होतं ते: वाकलेली चॅनल सरळ होते. दोन-चार पट्ट्या चेपल्या असतील तर तेवढ्याच बदलता येतात. खालची पट्टी गंजली असेल तर तेवढीच बदलते. कुलपाची पट्टी, कडी, बेअरिंग, सैल झालेले बोल्ट, भिंतीतून हललेला ब्रॅकेट, हे सगळं दुरुस्त होतं. यासाठी शटर बदलायची काहीच गरज नाही.

बदलायचंच ते: तुटलेली स्प्रिंग. तडा गेलेली स्प्रिंग. एकदा पीळ वाढवून दिल्यावर पुन्हा काही महिन्यांत ढिली पडलेली स्प्रिंग.

पूर्ण शटर बदलायचं ते फक्त तेव्हा, जेव्हा पट्ट्या एकमेकींत अडकतात ती कड गंजून सुटायला लागली असेल, वरचा पाइपच वाकला असेल, किंवा मुळात दार फार मोठं असून चुकीच्या जातीचं शटर बसवलेलं असेल.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनी गंजाकडं जास्त लक्ष द्यावं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूला बोअरचं खारं पाणी मारून शेड धुतलं जातं आणि तेच पाणी शटरच्या खालच्या दोन फुटांत आणि चॅनलमध्ये मुरतं. तिथं खालची पट्टी आधी जाते आणि माणूस दोष स्प्रिंगला देतो. युरिया-पोटॅशच्या फाटक्या बॅगा शटरला टेकवून ठेवल्या तरी तेच होतं. खत लोखंड खातं हे आपल्या फवारणी पंपाच्या नळीनं आणि पेरणीयंत्राच्या पेटीनं आपल्याला कधीच शिकवलं आहे.

६) पाच मिनिटांची तपासणी

मिस्त्री बोलवायच्या आधी हे करा. दोघं जण लागतात. पोरं आणि जनावरं लांब ठेवा, पाय शटरच्या रेषेत ठेवू नका.

पहिलं, चॅनल साफ करा. माती, कोळ्याचं जाळं, सुकलेलं ग्रीस काढा आणि थोडं तेल द्या. पावसाळ्यानंतर जड झालेलं शटर पुष्कळदा एवढ्यानंच हलकं होतं. इथं पैसे वाचले.

दुसरं, शटर कमरेएवढं वर करा आणि दोघांनी हात जवळच ठेवून हळूच ढील द्या. जागेवर थांबलं किंवा अगदी सावकाश सरकलं तर तोल बरोबर आहे. धाडकन खाली जायला लागलं तर स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली. आपोआप जोरात वर पळालं तर पीळ जास्त आहे, आणि तेही वाईटच, कारण स्प्रिंग लवकर मरते.

तिसरं, वर जाताना एक कोपरा पुढं जातो का बघा. जात असेल तर त्याच्या दुसऱ्या अंगाची स्प्रिंग गेली असेल किंवा पट्टी चॅनलमध्ये अडकत असेल.

चौथं, रात्री-बेरात्री शेडमधून "खट्ट" असा मोठा आवाज आला आणि सकाळी शटर जड लागलं, तर दुसरी तपासणी नको. स्प्रिंग तुटली. शटर खाली असेल तर खालीच राहू द्या. वर असेल तर कोणाला खालून जाऊ देऊ नका, दोन्ही बाजूंना मजबूत टेकू द्या आणि माणूस बोलवा.

शटर हळूहळू वर्षभरात जड होत गेलं असेल आणि स्प्रिंग तुटलेली नसेल, तर मिस्त्रीकडून पाइपाला एखादा वेढा वाढवून घेता येतो. ही खरी दुरुस्ती आहे आणि ती जरूर करा. पण एकदाच. दुसऱ्यांदा ढिली झाली की ती म्हातारी झाली, तिला पुन्हा पिळू नका.

७) मोठं दार, मोटार आणि शेतकरी कंपन्यांची गोदामं

ट्रॅक्टर-ट्रॉली आत जावी म्हणून आपण १२ बाय १२ फुटांचं दार ठेवतो आणि त्यालाही हातानं ओढायचं शटर लावतो. हे १३.४ चौरस मीटर होतं. केंद्रीय बांधकाम विभागाच्या कामात हातानं ओढायचं साधं शटर साधारण ८ चौरस मीटरपर्यंत, बॉल बेअरिंग टाकून १२ चौरस मीटरपर्यंत, आणि त्याच्या वर गिअर-साखळीचं, असा धडा आहे. या हिशोबानं १० बाय १० च्या दारालाही बेअरिंग पाहिजे, आणि १२ बाय १२ ला साखळी. शटरसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ६२४८. गावातल्या किती शटरवाल्यांनी ते पाहिलं आहे, हे त्यांनाच विचारा.

अशा मोठ्या दाराची स्प्रिंग दर दोन-तीन वर्षांनी तुटत असेल तर दोष स्प्रिंगचा नाही. तिथं पुन्हा स्प्रिंगच बदलत बसण्यापेक्षा साखळी बसवा. इथं पैसे घालणं शहाणपणाचं आहे.

कृषी विभागातल्या आणि शेतकरी कंपन्यांतल्या मित्रांना एक विनंती. गोदामाच्या प्रस्तावात भिंत, पत्रा, कोबा सगळं सविस्तर असतं आणि शटर एका ओळीत संपतं. त्या ओळीत दाराचं क्षेत्रफळ, पट्टीचा गेज, बेअरिंग आहे की नाही, साखळी आहे की नाही, एवढं लिहा. देखभालीच्या खर्चात स्प्रिंगचा खर्च धरा. गोदाम उभं राहतं तेव्हा फोटो निघतो, स्प्रिंग तुटते तेव्हा हमालाची बोटं जातात.

आणि मोटारीबद्दल. "स्प्रिंग गेली तर मोटार बसवून टाका" असं सांगणारे भेटतात. मोटार तोल धरलेलं शटर फिरवायला असते, मेलेल्या स्प्रिंगचं वजन वाहायला नसते. ती जास्त विद्युत प्रवाह घेते, तापते आणि जळते. त्यात शेतातली लाइट कधी दिवसा, कधी रात्री. लाइट नसताना तेच जड शटर पुन्हा हातानं ओढावं लागेल. आधी स्प्रिंग, मग हौस असेल तर मोटार.

८) पैशाचं काय

"हे सगळं खरं भाऊ, पण पैसे कुठून आणू?" हा प्रश्न खोटा नाही. मी तो उडवून लावणार नाही.

पण आत काय आहे ते मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. शेडमध्ये ५० क्विंटल थप्पीला असेल तर हमीभावानं २ लाख ६६ हजार ४०० रुपयांचा माल झाला. शटर जड आहे म्हणून ते खाली हातभर उघडंच ठेवायची सवय लागली की तिथून उंदीर येतो, अवकाळीचं पाणी येतं आणि चोरही येतो. घरचं बियाणं ठेवलं असेल तर आणखी वाईट. सोयाबीनच्या बियाण्याची ओल १२ टक्क्यांच्या आत ठेवायची असते. एकदा खालची थर ओली झाली की जूनमध्ये उगवण तपासताना १०० पैकी ७० दाणेसुद्धा येत नाहीत. मग दुकानातून बियाणं घ्या. त्या एका खरेदीची पावती आणि स्प्रिंगांची किंमत शेजारी-शेजारी ठेवून बघा, माझं ऐकायची गरज पडणार नाही.

किंमत विचारताना अशी विचारा. "स्प्रिंगा किती, पट्टी किंवा तार किती जाडीची, मजुरी वेगळी की धरून, किती महिने हमी?" चार प्रश्न, कागदावर. दोन ठिकाणी विचारा. नवी स्प्रिंग जुन्यापेक्षा पातळ असेल तर घेऊ नका. जुनी स्प्रिंग हातात घेऊन जाडी, रुंदी आणि वेढ्यांची दिशा मिळवून घ्या. "जुन्या स्प्रिंगा अस्सल होत्या, आता तसा माल येत नाही" हे म्हणणं पुष्कळदा खरं असतं, पण त्याचं उत्तर जुनी जोडणं नाही, नवी मोजून घेणं आहे. आणि जुन्या स्प्रिंगांचं भंगार तुमचं आहे.

वेळ कोणती? हरभरा निघाला, हातात थोडे पैसे आले, शेड रिकामं झालं, तो काळ. मृग लागायच्या आधी काम उरकलं पाहिजे. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की मिस्त्री फोन उचलत नाही आणि मग आपण पुन्हा टाका मारून घेतो. टाक्याचा धंदा आपल्या घाईवर चालतो.

दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला, वखराला, शटरला झेंडूचं तोरण बांधतो, हळद-कुंकू लावतो. बांधलंच पाहिजे. पण तोरण बांधायला शिडीवर चढतोच आहोत तर दोन मिनिटं बॅटरी मारून वरच्या पाइपाकडं बघा. वेढा सुटलेला दिसतो का, गंज किती, ब्रॅकेटचा बोल्ट जागेवर आहे का. हात लावू नका, नुसतं बघा.

थोडक्यात, मंडळी: चॅनल साफ करा, पट्टी दुरुस्त करा, ढिल्या स्प्रिंगला एकदा पीळ द्या. तुटली तर बदला, आणि वय झालं असेल तर सगळ्या एकदम बदला. टाका मारू नका. पूर्ण शटर कारणाशिवाय बदलू नका. आणि जोवर काम झालं नाही तोवर सालदाराला, घरच्या बाईला, पोराला त्याच्याखालून जायला सांगू नका.

ज्यांचं म्हणणं आहे की टाका टिकतो, त्यांनी खाली लिहावं. किती महिने टिकला आणि शटर रोज कोण उघडतं, हे दोन्ही लिहा. आणि तुमच्या तालुक्यात स्प्रिंगचं काम प्रामाणिकपणे, पावती देऊन करणारा कोणी असेल तर गावाचं नाव तेवढं सांगा, लोक विचारत येतील.

जय जिजाऊ, जय किसान.